रॅगटाइम : ठेका कुणाचा, नाव कुणाचे?

यंदाच्या जयंतीला आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांचा छोटासा कार्यक्रम झाला. आठवीतल्या एका मुलीने कीबोर्डवर एक धून वाजवली. कीबोर्डच्या क्लासला जाणाऱ्या पोरांना ती हमखास शिकवतात, आणि ऐकणाऱ्यांपैकीही अनेकांनी ती कुठल्यातरी खेळण्यात, मोबाइलमध्ये, जाहिरातीत ऐकलेली असते. टाळ्या झाल्यावर आम्ही तिला विचारले, "ही धून कुणाची गं?" ती चटकन म्हणाली, "इंग्लिश आहे. गोऱ्या लोकांची." तिच्या क्लासच्या पुस्तकात धुनेवर नाव छापलेले होते : 'द एंटरटेनर', स्कॉट जॉप्लिन. नाव होते, पण तो माणूस कोण हे ना पुस्तकाने सांगितले होते, ना शिकवणाऱ्याने.

मित्रांनो, स्कॉट जॉप्लिन हे गुलामगिरीत वाढलेल्या बापाचे आणि लोकांची घरे झाडणाऱ्या आईचे कृष्णवर्णीय पोर. १९०२ साली त्यांनी ही धून छापली. ती ज्या संगीतप्रकारातली आहे त्याला रॅगटाइम म्हणतात.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांची मुक्ती करणाऱ्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा प्रश्न आणि अस्पृश्यांचा प्रश्न यांतले साम्य नोंदवले. १९७२ साली आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव तिकडूनच घेतले. म्हणजे त्या लोकांचे राजकारण आपण वाचले. त्यांच्या संगीताचे राजकारण मात्र आपण फारसे वाचलेले नाही. ते वाचायला हवे, कारण आपल्या बैठकांमध्ये कलेचा विषय निघाला की दोन मते ठरलेली असतात. एक मत म्हणते, "वाजवणे, नाचणे, गाणे हे आपल्यावर लादलेले जिणे होते, ते टाकून द्या, त्याचे कौतुक कशाला?" दुसरे मत म्हणते, "ताल आमच्या रक्तातच आहे." आमच्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि रॅगटाइमचा इतिहास ती कशी चुकीची आहेत हे नीट दाखवतो.

ताल फाटतो म्हणजे काय?

रॅग म्हणजे चिंधी. 'रॅग्ड टाइम' म्हणजे फाटका ताल, आणि त्यावरूनच हे नाव पडले असे बहुतेक अभ्यासक मानतात. पियानोवर डावा हात घड्याळासारखा ठेका धरतो : खालचा एक सूर, मग वरचा कॉर्ड, पुन्हा खालचा सूर, पुन्हा कॉर्ड. हा ठेका लष्करी बँडच्या मार्चमधून आलेला. उजवा हात मात्र त्या ठेक्याला हुलकावणी देतो. जिथे जोर यायला हवा तिथे तो गप्प बसतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेवर जोर देतो. डावा हात शिस्तीत आणि उजवा हात बंडात, असे दोन्ही एकाच वेळी चालते.

हा उजवा हात कुठून आला? आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांच्या टाळ्यांतून, पायांच्या ठेक्यातून, बँजोच्या वादनातून. मळ्यांवर गुलामांचा 'केकवॉक' नावाचा नाच असे. त्यात ते मालकांच्या ऐटबाज चालीची नक्कल करीत, आणि मालक मंडळी ते पाहून खूश होत. आपलीच टिंगल चालली आहे हे त्यांना कळत नसे, किंवा कळून घ्यायचे नसे. त्या नाचाचा ठेका पियानोवर चढला आणि रॅगटाइम आकाराला आले.

इथे 'रक्तात ताल' म्हणणाऱ्यांना आमचा पहिला प्रश्न. ठेका रक्तातून आला असेल, तर चार भाग, प्रत्येक भागाला सोळा बार, मध्येच बदलणारी पट्टी, ही रचना कुठल्या रक्तातून आली? ती अभ्यासातून आली. टेक्सारकाना गावात जॉप्लिन यांची आई ज्या घरांत काम करी, तिथल्या पियानोवर मुलगा सराव करीत असे. ज्युलियस वाइस नावाच्या जर्मनीतून आलेल्या ज्यू शिक्षकाने त्यांना युरोपीय संगीत शिकवले. पुढे सिडेलिया गावात कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या जॉर्ज आर. स्मिथ कॉलेजमध्ये ते संगीत शिकले. आईची झाडलोट, शिक्षकाची शिकवणी आणि कॉलेज या तिन्हींची बेरीज पुसून टाकायची आणि 'यांना उपजतच येते' म्हणायचे, ही जुनी युक्ती आहे. ज्याला उपजत येते त्याने मेहनत केली नाही असे ठरते, आणि ज्याने मेहनत केली नाही त्याला मोबदला तरी कशाला द्यायचा?

रेल्वेच्या रुळांवरून

रॅगटाइमचा नकाशा मांडला तर तो मिसुरी राज्यापासून सुरू होतो. १८९० च्या दशकातले सिडेलिया हे रेल्वेचे गाव. गाड्यांचे कारखाने, येणारे-जाणारे मजूर आणि व्यापारी, त्यांच्यासाठी दारूचे गुत्ते, नाचघरे, कोठे. अशा ठिकाणी पियानो असे आणि पियानोवर वाजवायला कृष्णवर्णीय तरुण असे. त्याला 'प्रोफेसर' म्हणत. कॉन्सर्ट हॉलचे दार त्याला बंद होते. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य करून विभक्ततेला कायद्याचा शिक्का दिला होता. रॅगटाइम नेमके याच वर्षांत वर आले. म्हणून "हे संगीत गुत्त्यात का जन्मले?" असे नाक मुरडून विचारणाऱ्यांनी आधी हे विचारावे की दुसरे कुठले दार उघडे होते?

सिडेलियात 'मेपल लीफ क्लब' नावाचा कृष्णवर्णीयांचा क्लब होता. जॉप्लिन तिथे वाजवत, आणि आर्थर मार्शल आणि स्कॉट हेडन या स्थानिक पोरांना शिकवत. त्याच राज्यात कार्थेज गावात जेम्स स्कॉट संगीताच्या दुकानात काम करता करता संगीतकार झाले. पूर्वेला मिसिसिपी नदीकाठी सेंट लुईस शहर. तिथल्या चेस्टनट व्हॅली या वस्तीत टॉम टर्पिन यांचा 'रोजबड बार' होता, आणि गावोगावचे पियानोवादक तिथे येऊन एकमेकांशी स्पर्धा करीत. वादक रेल्वेने आणि बोटीने फिरत, नवे तुकडे ऐकत, आपले मिसळत, पुढच्या गावी नेत. आपल्याकडचे फड जसे जत्रांच्या मार्गाने फिरत, तसे.

दक्षिणेला न्यू ऑर्लिन्समध्ये हाच ठेका वेगळा झाला. जेली रोल मॉर्टन यांनी १९३८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणात 'मेपल लीफ रॅग' ही एकच रचना आधी मिसुरीच्या आणि मग न्यू ऑर्लिन्सच्या पद्धतीने वाजवून दाखवली. मिसुरीत ती आखीव आणि शांत, न्यू ऑर्लिन्समध्ये ती झुलणारी, लिहिलेल्याच्या बाहेर जाणारी. तिथूनच जॅझची वाट जवळ होती. पूर्व किनाऱ्यावर बाल्टिमोरचे युबी ब्लेक आणि न्यूयॉर्कचे लकी रॉबर्ट्स, जेम्स पी. जॉन्सन यांनी ती वेगवान आणि दणदणीत केली. दक्षिण कॅरोलिनातून पोटासाठी न्यूयॉर्कला आलेले कामगार गावाकडचे नाच तिथे नाचत. त्यांच्यासाठी वाजवता वाजवता जॉन्सन यांची 'कॅरोलिना शाउट' तयार झाली. उत्तरेला इंडियानापोलिसमध्ये मे ऑफडरहाइड या गोऱ्या तरुणीने १९०८ साली 'डस्टी रॅग' छापला. आता हा ठेका मध्यमवर्गीय घरांतल्या दिवाणखान्यातही जाऊन बसला होता.

गुत्त्यातून दिवाणखान्यात तो गेला कसा? छापील कागदावरून. तेव्हा ध्वनिमुद्रिका घरोघरी नव्हत्या, पियानो होते. लोक स्वरलिपीचे छापील कागद विकत आणून घरी वाजवत. पुढे भोके पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर आपोआप वाजणारे पियानो आले. म्हणजे ज्याच्या हातात छापखाना, त्याच्या हातात संगीत.

पहिला कोण?

इथून खरी गोष्ट सुरू होते. संगीताच्या पुस्तकात पाहा : नावात 'रॅग' असलेली पहिली पियानो रचना कुणाची छापली गेली? विल्यम क्रेल या शिकागोच्या गोऱ्या बँडमास्टरची, 'मिसिसिपी रॅग', जानेवारी १८९७. बेन हार्नी हे केंटकीतून न्यूयॉर्कला गेलेले, गोरे म्हणून वावरलेले कलाकार. त्यांची ख्याती रॅगटाइमचा जनक अशी झाली, आणि १८९७ सालीच रॅगटाइम शिकवणारे त्यांचे पुस्तकही निघाले. कृष्णवर्णीय रचनाकाराचा पहिला छापील रॅग, टॉम टर्पिन यांचा 'हार्लेम रॅग', त्याच वर्षाच्या डिसेंबरात आला.

आता कागद पुढे ठेवून कुणी म्हणेल, "बघा, पहिला गोराच." कागद खोटा नाही. पण कागद काय सांगतो? छापखान्यात आधी कोण पोचला, एवढेच. जे वाजवत होते ते छापत नव्हते आणि जे छापत होते त्यांनी ते ऐकून घेतले होते. आपल्याला हा प्रकार नवा नाही. ज्याच्या हाती लेखणी त्याच्या नावे परंपरा, हे आपण पिढ्यान्पिढ्या भोगले आहे.

सेंट लुईसचे लुई शोव्हाँ यांचे उदाहरण घ्या. समकालीन वादक त्यांना शहरातला सगळ्यात तयार हात मानत. ते वाजवत सुटत, लिहीत नसत. १९०८ साली ऐन तारुण्यात ते गेले तेव्हा छापील स्वरूपात त्यांच्या नावावर फक्त ३ रचना होत्या. त्यांतली 'हेलियोट्रोप बुके' आज आपल्यापर्यंत आली ती जॉप्लिन यांच्यामुळे. पहिले २ भाग शोव्हाँ यांचे आणि पुढचे २ आपले, अशी ती पूर्ण करून दोघांच्या नावाने १९०७ साली छापली गेली. बाकीचे सारे संगीत त्या माणसाबरोबर गेले. हुशारी कमी नव्हती, कागद कमी पडला.

एका सेंटची गोष्ट

१८९९ साली जॉप्लिन यांच्या 'ओरिजिनल रॅग्ज'चे कॅन्सस सिटीत प्रकाशन झाले. मुखपृष्ठावर त्यांच्या नावाबरोबर 'संयोजक' म्हणून दुसऱ्याच एका माणसाचे नाव छापलेले होते. त्या काळी रिवाज असा की थोडे डॉलर एकरकमी द्यायचे आणि रचना कायमची प्रकाशकाची.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जॉप्लिन यांनी सिडेलियातले जॉन स्टार्क या गोऱ्या संगीत-दुकानदाराशी 'मेपल लीफ रॅग'चा करार केला, आणि तो वकिलाची मदत घेऊन. अट अशी की प्रत्येक प्रतीमागे १ सेंट रचनाकाराला, आणि प्रत २५ सेंटच्या खाली विकायची नाही. १ सेंट म्हणजे हास्यास्पद वाटेल. २५ सेंटला प्रत विकली असे धरले तरी तो फक्त ४ टक्के होतो. पण ज्या देशात काही दशकांपूर्वी या माणसाचा बापच मालकाची मालमत्ता होता, तिथे त्याच बापाचा मुलगा कागदावर सही करून म्हणतो आहे की ही रचना माझी मालमत्ता आहे आणि ती विकली गेली की प्रत्येक वेळी मला हिस्सा मिळाला पाहिजे. त्या १ सेंटची किंमत आम्ही अशी मोजतो.

पहिल्या वर्षी काहीशेच प्रती खपल्या. पुढे खप लाखांत गेला आणि त्या १ सेंटवर जॉप्लिन यांना बेताचे का होईना, आयुष्यभर उत्पन्न मिळत राहिले. म्हणूनच गुत्त्यात रात्र रात्र वाजवण्याऐवजी त्यांना बसून लिहिता आणि शिकवता आले. स्टार्क यांच्याशी त्यांचे पुढे रॉयल्टीवरूनच बिनसले, हेही खरे. भला माणूस असला तरी प्रकाशक तो प्रकाशकच. म्हणून भलेपणावर नव्हे, करारावर विसंबायचे असते.

इथे आणखी एक माणूस सांगितला पाहिजे, म्हणजे आपला विचार 'गोरा तो चोर' इतका सोपा राहणार नाही. जोसेफ लॅम्ब हे न्यू जर्सीचे आयरिश वंशाचे गोरे गृहस्थ. जॉप्लिन यांच्या रचना वाजवून ते शिकले आणि तसे उघडपणे सांगत. स्टार्क यांना त्यांचा रॅग विकला जाईल याची खात्री नव्हती, तेव्हा जॉप्लिन यांनी 'संयोजक' म्हणून स्वतःचे नाव द्यायची तयारी दाखवली आणि १९०८ साली 'सेन्सेशन' छापला गेला. कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्याला आपल्या नावाचा आधार दिला! शिकणारा बाहेरचा आहे की घरचा, हा प्रश्न दुय्यम आहे. तो गुरूचे नाव घेतो की गिळतो, हा प्रश्न मुख्य आहे.

अपमान टाकला, ठेका ठेवला

आता पहिल्या मताकडे येऊ. "हे अपमानाचे संगीत आहे, टाकून द्या."

अपमान होताच, तो नाकारून चालणार नाही. गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करत त्या मिन्स्ट्रेल खेळांचा जमाना होता. 'कून साँग' नावाच्या गाण्यांची लाट होती, ज्यांत काळ्या माणसाला जनावराच्या नावाने हाक मारून चोर, आळशी, भांडखोर रंगवले जाई. या गाण्यांना रॅगटाइमचाच ठेका असे. आणि दुःखाची गोष्ट म्हणजे १८९६ सालचे त्या प्रकारातले सर्वांत गाजलेले गाणे अर्नेस्ट होगन या कृष्णवर्णीय कलाकारानेच लिहिले होते. त्याने त्यांना पैसा दिला, नाव दिले, आणि रॅगचा ठेका छापील कागदावर देशभर नेला. पण गोऱ्यांच्या तोंडी ते गाणे शिवी झाले. पुढे होगन यांना त्याचा पस्तावा होत राहिला. बाजार आपल्याच माणसाकडून आपली टवाळी लिहून घेतो आणि त्यालाच 'लोकप्रिय कलाकार' म्हणतो. हे अमेरिकेत घडले म्हणून आपण निश्चिंत राहू नये.

या अपमानामुळे कृष्णवर्णीय समाजातले शिकलेले लोक, चर्चमधले लोक रॅगटाइमवर नाराज होते. आपल्या मुलींनी हे वाजवू नये असे त्यांना वाटे. त्यांचे दुखणे आम्हाला कळते. उलट बाजूने गोऱ्या प्रस्थापितांचाही विरोध होता. १९०१ साली वादकांच्या राष्ट्रीय संघटनेने, अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सने, सभासदांनी रॅगटाइम वाजवू नये असा ठराव केला. एकाला ते आपल्या माणसांची बदनामी वाटत होते, दुसऱ्याला आपल्या अभिजाततेचा विटाळ.

जॉप्लिन यांनी तिसरी वाट काढली. त्यांनी ठेका ठेवला आणि टवाळी काढून टाकली. बहुतेक रॅग शब्दांविना, नुसत्या पियानोसाठी लिहिले. म्हणजे कुणाला नाव ठेवायला जागाच नाही. १९०८ साली 'स्कूल ऑफ रॅगटाइम' ही अभ्यासाची पुस्तिका काढली. तिच्यात त्यांनी म्हटले की ज्याला लोक हिणवून रॅगटाइम म्हणतात ते संगीत टिकणार आहे, ते अवघड आहे, आणि ते घाईने वाजवू नये. आपल्या रचनांच्या छापील कागदावरही ते 'जलद वाजवू नका' अशी सूचना देत. ही साधी सूचना नव्हे. नाचघरातला गिऱ्हाईक म्हणतो जोरात वाजव, रचनाकार म्हणतो जसे लिहिले आहे तसे वाजव. गिऱ्हाइकाची मर्जी आणि कलाकाराची प्रतिष्ठा यांतला हा झगडा आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. लादलेले काम टाकायचे, त्यामागची लाचारी टाकायची, आपल्याला हिणवणारे शब्द टाकायचे. पण त्या कामातून आपल्या माणसांनी जे कौशल्य कमावले ते टाकायचे नाही. आपण टाकले की ते रस्त्यावर पडून राहत नाही. कुणीतरी ते उचलतो, धुतो, आणि स्वतःच्या नावाने विकतो.

'ट्रीमोनिशा'

१९०३ साली जॉप्लिन यांनी 'अ गेस्ट ऑफ ऑनर' हा ऑपेरा रंगभूमीवर आणला. विषय काय, तर १९०१ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय नेत्याला व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावले आणि दक्षिणेत गहजब उडाला, तो प्रसंग. एका ताटाचे राजकारण! आपल्याला ते समजावून सांगावे लागत नाही. तो दौरा पैशाअभावी कोलमडला आणि संहिता हरवली. कॉपीराइटचा अर्ज दाखल आहे, पण कार्यालयात प्रत पोचलीच नाही. आज त्या ऑपेराचा एकही सूर जगाकडे नाही.

दुसरा ऑपेरा 'ट्रीमोनिशा'. १९११ साली जॉप्लिन यांनी तो स्वतःच्या पैशाने छापला, २३० पानांचा. कथा १८८४ सालची, अर्कान्सातल्या एका मळ्याच्या परिसरातली. नेड आणि मोनिशा या निरक्षर जोडप्याला झाडाखाली एक तान्ही मुलगी सापडते. तिला शिकवावे म्हणून ते एका गोऱ्या बाईशी ठरवतात : मोनिशा धुणे आणि इस्त्री करील, नेड लाकडे फोडील, बाईने मुलीला शिकवायचे. मुलगी मोठी होते आणि वस्तीतल्या गंडेदोरेवाल्या भोंदूंच्या विरोधात उभी राहते. भोंदू तिला पळवतात. तिची सुटका होते, आणि शेवटी वस्ती एकमुखाने तिलाच आपली नेता निवडते.

आम्ही ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा थबकलो. १९११ साल. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळायला अजून ९ वर्षे होती. तेव्हा एक कृष्णवर्णीय संगीतकार म्हणतो की आपल्या समाजाची मुक्ती शिक्षणाने होईल, अंधश्रद्धा सोडल्याने होईल, आणि पुढारपण शिकलेल्या मुलीकडे असेल. गुत्त्यातला पियानोवाला ठरवून ज्याला बाजूला सारले त्याच्या डोक्यात हे चालले होते!

प्रस्थापित नाट्यगृहांनी तो ऑपेरा घेतला नाही. १९१५ साली हार्लेममध्ये नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, वाद्यवृंद नाही, जॉप्लिन स्वतः एकटे पियानोवर, असा त्याचा एक प्रयोग झाल्याचे त्यांच्या सोबत्याच्या आठवणींत आहे. त्याला यश आले नाही. त्याच वर्षी हार्लेमला लागूनच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकत होते. हा योगायोग आहे आणि आम्ही त्याला योगायोगच म्हणू. पण एकाच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर, शिक्षणातून मुक्ती हा एकच विचार दोन शोषित समाजांतली माणसे करत होती, हे मनात ठेवण्यासारखे आहे.

१ एप्रिल १९१७ रोजी जॉप्लिन न्यूयॉर्कच्या सरकारी मनोरुग्णालयात वारले. क्वीन्समधल्या दफनभूमीत त्यांना पुरले. कबरीवर नावाचा दगड बसला १९७४ साली, म्हणजे ५७ वर्षांनी.

मुंबईपर्यंत

मधल्या काळात ठेका जगभर गेला होता. १९०० साली सूसा यांच्या बँडने तो पॅरिसच्या प्रदर्शनात वाजवला. डेब्युसी, साती, स्ट्राव्हिन्स्की या युरोपच्या मोठ्या संगीतकारांनी तो आपल्या रचनांत घेतला. १९११ साली अर्व्हिंग बर्लिन यांच्या 'अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड' या गाण्याने जग वेडे केले, आणि त्या गाण्यात रॅगचा ठेका जवळजवळ नव्हताच! नाव रॅगटाइमचे, लाट बाजाराची.

न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वादकांनी मात्र १९१० साली जेम्स रीझ युरोप यांच्या पुढाकाराने 'क्लेफ क्लब' ही स्वतःची संघटना उभी केली. वाजवायला बोलावून ताटे उचलायला लावायचे, हे बंद करून ठरलेले मानधन घ्यायला सुरुवात केली. २ मे १९१२ रोजी शंभराहून अधिक वादक घेऊन ते थेट कार्नेगी हॉलच्या मंचावर चढले. शिकणे आणि संघटित होणे म्हणजे काय, ते असे.

या जेम्स युरोप यांच्या वाद्यवृंदात कॉर्नेट वाजवणारे क्रिकेट स्मिथ पुढे १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्याच दशकात पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हेही तिथे वाजवत होते. त्यांच्या सोबतीने आणि त्यांना ऐकून गोव्याचे वादक तयार झाले, आणि तेच वादक हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्र यांच्या संगीतामागे चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ, यांचा हात होता. या गोव्याच्या मंडळींना स्वरलिपी लिहिता येई आणि त्यावरच शेकडो गाण्यांचा वाद्यमेळ उभा राहिला, पण पडद्यावर त्यांची नावे क्वचितच आली. म्हणजे लिहिता येणे पुरेसे नसते, लिहिलेल्यावर आपले नावही लागते.

मग आपण काय करायचे?

जॉप्लिन यांना न्याय मिळाला तो असा. १९७२ साली अटलांटात 'ट्रीमोनिशा'चा पूर्ण प्रयोग झाला. १९७३ साली 'द स्टिंग' या चित्रपटात त्यांच्या धुना वापरल्या गेल्या, आणि त्या चित्रपटासाठी बसवल्याबद्दल ऑस्कर मिळाले मार्व्हिन हॅमलिश यांना. १९७६ साली जॉप्लिन यांना मरणोत्तर विशेष पुलित्झर मिळाले. न्याय उशिरा मिळाला, पण मिळू शकला तो कशामुळे? २३० पाने छापून ठेवली होती म्हणून. 'अ गेस्ट ऑफ ऑनर'ला तो कधीच मिळणार नाही, कारण ती पाने नाहीत. शोव्हाँ यांना ३ रचनांपुरताच मिळेल.

आपल्या वस्त्यांत आज गाणी रचणारे आहेत, जलसे करणारे आहेत, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे चाचा आहेत, रॅप करणारी पोरे आहेत. त्यांची गाणी जयंतीला हजारो लोक गातात, मोबाइलमधून फिरवतात, आणि रचणाऱ्याचे नाव विचारले तर "लोकगीत आहे" म्हणतात. लोकगीत म्हणजे बऱ्याचदा ज्या कवीचे नाव विचारण्याची तसदी कुणी घेतली नाही त्याचे गीत. प्रत्येक अभ्यास मंडळाने एवढे तरी करावे : आपल्या भागातल्या दोन कलाकारांकडे बसून त्यांच्या रचना नावानिशी, सालानिशी लिहून घ्याव्यात, आवाज नोंदवावा, प्रत ग्रंथालयात द्यावी. तरुण कलाकारांनी कुठल्याही कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी आपल्यातल्या वकिलाला तो दाखवावा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क असा ठेवला आहे की तो कंपनीला लिहून देता येत नाही. हे किती जणांना माहीत आहे? सिडेलियातल्या त्या माणसाला १८९९ साली जे कळले ते आपल्या पोरांना आज कळायला हवे.

आठवीतल्या त्या मुलीला आम्ही नंतर ही सगळी गोष्ट सांगितली. ट्रीमोनिशाची कथा ऐकून तिने विचारले, "मग तिच्या आईने सगळ्यांचे कपडे धुतले, तिचे नाव पण आहे ना गाण्यात?" आहे. मुलीच्या नावातच आहे, ट्री आणि मोनिशा. पुढच्या जयंतीला ती धून वाजवण्याआधी रचणाऱ्याचे नाव आणि तो कोण होता हे माइकवर सांगणार आहे. आपल्या प्रत्येक मंचावर, प्रत्येक गाण्याआधी हे होऊ लागले तरी खूप झाले.

जय भीम!